आनंदाबाईचे नऊ गुण

आकांक्षाला प्रबंधासाठी साठ म्हातारी माणसं हवी होती आणि तिच्याकडे चोपन्नच झाली होती. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ती वार्धक्यशास्त्राचं एम.ए. करत होती. विभागप्रमुख गजेंद्र सरांनी वर्गात सगळ्यांसमोर तिला विचारलं होतं, "तुमचे म्हातारे काय पळून जातात का हो?" वर्ग हसला होता. म्हणून दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी ती सिंदी मेघेच्या घरून निघाली, आर्वीला बस बदलली आणि उन्हं चढता चढता आष्टीच्या बाजारात पोचली. सहा माणसं तिथेच गाठायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचं, असा तिचा हिशेब होता.

पाच झाली. सहावी आनंदाबाई.

आनंदाबाई त्र्याहत्तर वर्षांची. जवळच्या खेड्यातून वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी घेऊन बाजाराला यायची. आवाज असा, की चार दुकानांपलीकडचं गिऱ्हाईक मागे वळावं. आकांक्षानं तिच्यासमोर उकिडवं बसून फॉर्म काढला. स्मरणशक्तीची चाचणी होती, तीस गुणांची.

"आजी, आज कोणती तारीख आहे?"

"बाजाराचा दिस हाय. सर वं बाजूले, गिऱ्हाईक थांबलं."

शून्य.

"मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. कंदील, नदी, साखर. आता शंभरातून सात वजा करत जा."

"मी वांगे मोजून देऊ का तुये सात मोजू?"

शून्य. मग आकांक्षानं एक आकृती पुढे केली आणि ती पाहून काढायला सांगितली. म्हातारीनं पेन्सिल उलटी धरली, खाली ठेवली. "जल्मात धरली नाई मी हे."

पाच मिनिटांनी आकांक्षानं ते तीन शब्द विचारले. आनंदाबाईचा पारा आता चढला होता. "काऊन सांगू? तू कोन माही? काय शिकून राह्यली तू?"

"म्हातारपणाचा अभ्यास करते."

"म्हाताऱ्याइचा अभ्यास!" आनंदाबाई शेजारी भाजी घेऊन बसलेल्या गोपिकाकडे वळून ओरडली. "ऐकलं का वं? घरच्या म्हाताऱ्याले कधी पान्याचा गिलास देल्ला नसन, अन् आमच्या डोक्याची परीक्षा घ्याले आली!"

ओळीतल्या साऱ्या बाया हसल्या. एका गिऱ्हाइकानंही दात काढले. आकांक्षाचे कान तापले. घरी अण्णाजी, तिचे आजोबा, मागच्या खोलीत पडून असायचे आणि गेल्या कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी धड दोन वाक्यं बोलली नव्हती. हे या बाईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी घाव नेमका तिथेच बसला.

तिनं बेरीज केली. नऊ. खाली शेऱ्याची जागा होती. तिथे नियमाप्रमाणे 'गोंगाट, सहकार्य नाही' असं लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं, 'तीव्र विस्मरण. एकटं सोडणं धोक्याचं.' लिहिताना तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं पुढे तिला विसरता आलं नाही. उतरत्या उन्हात मुलगा मुकेश आईला न्यायला मोटरसायकलवर आला, तेव्हा तिनं तोच शेरा लिहिलेली, विभागाचा शिक्का मारलेली कुटुंबासाठीची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली आणि नीट घडी करून खिशात ठेवली.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी होती. तीच माणसं, तीच चाचणी. या वेळी ती खेड्यातच गेली. मुकेशचं घर सापडलं, पण फाटकाला बाहेरून कुलूप होतं. आत ओट्यावर आनंदाबाई बसली होती. वाळली होती. लुगडं चुरगळलेलं, केस विस्कटलेले. आकांक्षाला पाहून ती उठली आणि फाटकाच्या गजांपाशी आली.

"आली का? पाह्य. तुयाच कागदानं लावलं हे कुलूप."

"म्हणजे?"

"म्हनजे काय? म्हातारी कुठी भटकन, चुकन, कॉलेजच्या मॅडमनं लिहून देल्लं म्हने. पोरगा अन् सून वावरात जाते अन् मले कोंडून जाते. तीन महिने झाले, बाजार नाई पाह्यला."

आकांक्षानं सवयीनं फॉर्म काढला. म्हातारी गजांतून थुंकली. आकांक्षाच्या चपलेपासून वीतभर लांब.

"कंदील, नदी, साखर," आनंदाबाई म्हणाली. "हेच पायजे होतं ना तुले? तवाच सांगितलं असतं. पन तू मानसासारखं इचारलं नाई."

वर्ध्याला परतल्यावर गजेंद्र सरांनी तिचं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"शेरा चुकला म्हणजे?"

"चुकला नाही सर. मी रागानं लिहिला. बाई अगदी ठणठणीत आहे. तिला घरात कोंडलंय. आपण विभागाकडून पत्र देऊ या, चिठ्ठी रद्द केली म्हणून."

"आणि उद्या कुणी विचारलं, बाकीच्या एकोणसाठांचं काय? तुमच्या आकड्यांवर माझा निबंध परिषदेला गेलाय, माझ्या नावानं." सरांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "कोण कोणाला कोंडतं हा आपला विषय नाही. आपला विषय स्मरणशक्ती. नऊ म्हणजे नऊ."

"सर, ती बाजारात होती. भाजी विकत होती. आपले प्रश्न पुस्तकी, पेन्सिल तिनं जन्मात धरलेली नाही..."

"तुम्ही मला शिकवणार? तोंडी परीक्षा मीच घेणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

ती बाहेर आली. जिन्यात उभं राहून तिनं वहीचा कागद फाडला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, की आनंदाबाईंबद्दलचा शेरा मी अपमानाच्या रागात खोटा लिहिला, त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ती मुकेशच्या वावरात गेली.

मुकेशनं वाचला आणि परत केला. "याच्यावर शिक्का नाई."

"शिक्का मिळणार नाही. पण लिहिणारी मीच आहे ना? कुलूप काढा."

"मॅडम, तिच्या तोंडाचा तरास तुमाले पाच मिनिटं झाला, तर तुमी एवढं लिहून मोकळ्या झाल्या. मले पंचेचाळीस वर्सं झाली. बायकोले रोज रडवे. आता घरात सांतता हाय." त्यानं फावडं उचललं. "तुमचा पयला कागद बरा होता. जा तुमी."

रागानं तिला भाषा सुचेना. सुचली ती घरातली, वऱ्हाडी. "तुया सांततेसाठी मायले जनावरावानी कोंडतं का?"

"कोंडाचा कागद कोनं देल्ला?"

आकांक्षानं कागदाची घडी केली. ती निघून आली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती आष्टीला उतरली ती सरळ भाजीच्या ओळीत गेली. आनंदाबाईची जागा दुसऱ्या कुणी धरली होती. आकांक्षा गोपिकासमोर उभी राहिली आणि कागद मोठ्यानं वाचू लागली. पहिल्या वाक्याला आवाज फुटेना. गोपिका म्हणाली, "जोरानं वाच. त्या दिसी जोरानं इचारे ना!" तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. एक बाई म्हणाली, "अन् आमाले सांगे मुकेश, की बुडी बिमार हाय." दुसरीनं आकांक्षाला आईवरून शिवी दिली. तिनं ती ऐकून घेतली.

गोपिकानं मालावर पोतं टाकलं. सात-आठ बाया टेम्पोत चढल्या. आकांक्षाला कोणी चढ म्हटलं नाही, ती मागे लटकली. फाटकाशी पोचल्यावर बायांनी असा गलका केला, की वावरातून मुकेश धावत आला. तो एकेकीला समजावू लागला. गोपिकानं फक्त हात पुढे केला. "किल्ली." साऱ्या गावानं आपापल्या ओट्यावर येऊन पाहिलं. त्यानं किल्ली तिच्या हातात दिली नाही, स्वतःच कुलूप काढलं आणि कोणाकडे न पाहता घरात गेला.

आनंदाबाई बाहेर आली. आकांक्षा पुढे झाली, वाकली.

"पाया नको पडू," म्हातारी म्हणाली. "मी तुले माफ नाई केलं."

"मी माफी मागायला..."

"तं काऊन आली? सरक, टेम्पोत चढू दे मले."

टेम्पो गेला. आकांक्षा आष्टीपर्यंत पायी आली. प्रबंधावर गजेंद्र सरांनी सही केली नाही, तिचं वर्ष गेलं. परिषदेत निबंध वाचला गेला, त्यात आनंदाबाईचे नऊ गुण तसेच होते. आकांक्षानं परिषदेच्या पत्त्यावर आपल्या कागदाची प्रत पाठवली. उत्तर आलं नाही. तिनं दुसरी पाठवली.