बबनरावांचे आठ फटके

आमचे हे, म्हणजे बंडूजी, आणि बबनराव पुलगावच्या लष्करी डेपोत बरोबरच नोकरीला होते. साहेबांच्या संगतीत दोघांना गोल्फचा नाद लागला, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. दर रविवारी मैदानावर. मला त्या खेळाचा रागच होता. एवढं ऊन खाऊन एक चेंडू भोकात घालायचा, त्यात कसलं सुख, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी बबनरावांना अर्धांगाचा झटका आला. सावरले, पण डावा हात पूर्वीसारखा राहिला नाही. आधी दोघांचा हँडिकॅप, म्हणजे खेळ जेवढा कच्चा तेवढी जास्त मिळणारी फटक्यांची सूट, तेरा होता, आता बबनरावांचा एकवीस झाला. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. तेव्हा ह्यांच्याशी खेळताना बबनरावांच्या फटक्यांतून आठ वजा करायचे, नियमच तसा. पण ते आठ त्यांनी कधी घेतलेच नाहीत, आणि दर वेळी हरले. मग ह्यांना दया आली आणि हे मुद्दाम चुकायला लागले. जुन्या दोस्ताला ते कळायला कितीसा वेळ? बबनरावांनी येणंच बंद केलं. हे रविवारी बूट पुसून ठेवायचे आणि घरीच बसायचे. मला ते बघवेना.

शेवटी मी तुरीचे ओले दाणे घालून केलेल्या सोलेभाताचा डबा घेऊन बबनरावांकडे गेले.

"भाऊजी, आठ फटके काऊन घेत नाई तुम्ही?"

"भीक नोको मले, वहिनी."

"हँडिकॅप काढतात कसा, ते तं सांगा."

त्यांनी नाइलाजानं सांगितलं. शेवटचे वीस खेळ घ्यायचे, मैदान किती अवघड ते धरून प्रत्येकाचा आकडा काढायचा, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठांची सरासरी करायची.

"अन् बाकीचे बारा?"

"ते धरत नाई."

"म्हंजे तुमचे वाईट दिवस कोनी मोजलेच नाई. तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा हाये तो. याच्यात भीक कुठं आली?"

त्यांनी डबा जवळ ओढला आणि झाकण उघडलं. मग म्हणाले, "बंडूले सांगा, खरं खेळत असंल तं येतो."

घरी येऊन मी ह्यांना बजावलं, "मुद्दाम चुकले तं सोता रांधून खाजा."

त्या रविवारी मीही गेले. बबनरावांनी आठ फटके घेतले आणि खेळ शेवटच्या भोकापर्यंत अटीतटीचा झाला. बबनरावांचं खेळून संपलं. ह्यांचा चेंडू भोकापासून हातभर लांब होता. आत गेला तर हे जिंकणार, चुकला तर बरोबरी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, तेव्हा मलाच वाटलं, चुकावं ह्यांनी. मी मान फिरवली.

चेंडू आत पडल्याचा आवाज आला.

मी वळून बघितलं. बबनराव सावकाश चालत ह्यांच्याजवळ गेले आणि तो अधू हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"लय दिवसांनी खरं खेळला लेका माह्यासंगं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी लवकर येजो."