हारो दिमाचे कप

कॉफीच्या पाकिटावर गावाचं नाव घालायचं म्हणून लेलिसेने मालकाशी तीन आठवडे हुज्जत घातली. बेयेनेसाहेब आदिस अबाबातले कॉफीचे जुने निर्यातदार. माणूस वाईट नव्हे, पण महाचिकट.

"नुसतं 'गुजी' लिही की. जगाला तेवढा जिल्हा पुरतो," ते म्हणायचे. "तुझं हारो दिमा कुणाच्या बापाला ठाऊक आहे?"

"म्हणूनच लिहायचं. बिया तिथल्या आहेत ना? मग पाकिटावर एक अक्षर खोटं नको."

"तू डिझाइन करतेस की कोर्टात साक्ष देतेस?" असं कुरकुरत अखेर त्यांनी हो म्हटलं.

आता खरं सांगायचं तर तो हट्ट काही बियांसाठी नव्हता. लेलिसे त्याच गावची, आणि सहा वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. आधी शिक्षण, मग नोकरी, मग नुसताच आळस. आणि आता जायचं तर कुठल्या तोंडाने, हा संकोच. निदान पाकिटावर तरी गाव आपलं राहावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता. तिने गावाला नाव देणारं लाल तळं काढलं, वरची टेकडी काढली, काठावर एक घर आणि त्याच्या दारात एक वाफाळता कप काढला. मग भर दुपारी गावी वहिनीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून आईला ते चित्र दाखवलं.

आईचं नाव धाकी; तिला वाचता येत नव्हतं. तिने चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"तळं आपलंच दिसतंय," ती म्हणाली. "पण हे घर कुणाचं गं? एकच कप? शेजारीपाजारी कुठे उलथले सगळे?"

"अगं आई, चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हणून काय झालं? शेजाऱ्यांना हाक मारल्याशिवाय कॉफी पितं का कुणी इथे? तू पितेस एकटी?"

सहा वर्षं लेलिसे शहरातल्या खिडकीशी उभी राहून एकटीच पीत होती, आणि तोच कप तिने गावाच्या नावाखाली काढून ठेवला होता. तिला फार लाज वाटली.

"बरं, किती काढू? सांग."

आई बोटांवर मोजू लागली. "मी, तुझा भाऊ, वहिनी. शेजारचा उदेस्सा, त्याची बायको. म्हातारी बधातू, ती मेली हाकेआधीच येऊन बसते. आणि एलेमा. झाले सात."

"आणि मी?"

"तू कुठे असतेस इथे?" आई अगदी सहज बोलली, आणि तेच लेलिसेला झोंबलं. "आलीस की ठेवीन ना. वहिनीला म्हणेन, सरक जरा."

लेलिसेने सात कप काढले. आठवा काढायला हात शिवशिवत होता. बेयेनेसाहेबांना कळलंही नसतं. पण खोटं नको, हे तिनेच बजावलं होतं. तिने सातच ठेवून चित्र छपाईला धाडलं आणि टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली.