बारा तोंडांचा मी आणि चटया नेसलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मला बारा तोंडं आहेत, आणि माझ्या एका आरोळीने वावाऊ बेटावरची झाडून सगळी डुकरं समुद्रात पळाली होती. नाही ना पटत? कोणालाच पटत नाही. पण पुढचं तरी ऐका.

माझं काम साधं. मी ओरडून गप्प व्हायचं. माझा आवाज खोलीत किती वेळ घुमतो, ते शेजारच्या माइकने मोजायचं. माझी मालकीण अनासेइनी आवाजाची इंजिनिअर. तिने मला ऑकलंडहून इथे वावाऊवर, तिच्या गावी आणलं, ते नव्या चर्चसाठी. रिकाम्या चर्चमध्ये तिने मला ओरडायला लावलं आणि माणसं मग संगणकातच बसवली. संगणक म्हणाला, चर्च भरलं तरी आवाज अडीच सेकंद घुमेल, प्रवचनाचा शब्द कळणार नाही. छताला जाड गाद्या ठोका.

गायकांचे म्हातारे प्रमुख फेलेती आजोबा हादरलेच. आमच्या गावात वाद्यांशिवाय गातात. आधार काय तो भिंतींवरून घुमून येणाऱ्या आवाजाचा.

"पोरी, मग आम्ही उशीत तोंड खुपसून गायचं का?"

"आजोबा, हे मी नाही, संगणक सांगतोय."

"त्याच्यातली माणसं नेसलीत काय?"

अनासेइनी घुटमळली. "शर्ट-पँट. पुस्तकात तसंच असतं."

"आणि कमरेची चटई? चटईशिवाय चर्चला? तुझ्या आजीने दारातूनच हाकललं असतं त्यांना!"

खरी माणसं बसवून मोजावं, तर रविवारी आमच्याकडे काम वर्ज्य, कोणी खिळासुद्धा ठोकत नाही. शेवटी आजोबांनीच फर्मान काढलं: बुधवारी या, पण रविवारचे कपडे घालून!

तीनशे माणसं कमरेला चटया गुंडाळून आली आणि श्वास रोखून बसली. मी जीव तोडून ओरडलो. चटयांनी माझा आवाज गटागटा पिऊन टाकला. दोन सेकंदांच्या आतच सारं शांत, म्हणजे प्रवचनही कळणार! वर गाद्या असत्या, तर गाणं मेलंच असतं. गाद्या रद्द झाल्या. आजोबांनी बसल्या जागी सूर लावला आणि तीनशे गळ्यांनी तो उचलून धरला.

आज मी कपाटात धूळ खातो आहे. माझी नऊच तोंडं चालतात. मित्रांनो, संगणक हुशार आहे, पण माणसं काय नेसतात हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. म्हणून आमच्यासारख्यांना भंगारात टाकू नका. अनासेइनीने चटया संगणकात घातल्या मात्र, त्याचा आणि माझा आकडा असा जुळला, की केसाएवढाही फरक उरला नाही!

"खोटारड्या!" कपाट उघडत अनासेइनी म्हणाली. "दोन दशांश सेकंदाचा फरक होता, आणि तो कुठून येतो ते मी अजून शोधतेय. चल, ऊठ. पुन्हा ओरडायचंय तुला."