काढ्याच्या हंडीवर फोडलेलं खापर

मित्रांनो, मी एक जुनी हंडी आहे. भाताची नव्हे, काढ्याची. भाताच्या हंडीची आठवण घरात दिवसातून तीनदा निघते. माझी निघायची ती कोणी आजारी पडलं तरच. तरी मी कधी कुरकुर केली नाही. आज मात्र करणार आहे, आणि तुम्ही ती ऐकून घ्यायची आहे.

कुंभाराने मला चाकावर घडवलं आणि कुशीला एक पोकळ दांडा जोडला, म्हणजे उचलताना हात भाजू नये. दूर पूर्वेकडच्या देशातल्या दैगू शहरात, तिथल्या औषधगल्लीत मी विकायला आले. तिथे वाऱ्यालासुद्धा मुळ्यांचा आणि सालींचा वास येतो. सुनबोक नावाची एक नवी सून दुकानात आली. तिने मला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "ठणठणीत आहे. हीच द्या." त्या एका टिचकीवर मी तिची झाले.

तिच्या सासऱ्यांना दमा होता. अकरा वर्षं मी त्यांचा काढा उकळला. सुनबोक पाला धुवायची, वर तीन बोटं पाणी घालायची आणि माझ्या तोंडावर कागद ताणून सुतळीने बांधायची. मंद आचेवर मला ठेवून ती शेजारी पाट घेऊन बसायची. काढा अर्धा झाला की फडक्यात ओतून दोन काठ्यांनी पिळायची. "अर्धं औषध मुळीत असतं आणि अर्धं उकळणाऱ्याच्या हातात," असं ती म्हणायची, आणि आपल्या हाताचा तिला फार अभिमान होता. सासरे गेले ते म्हातारे होऊन, झोपेत गेले. जाण्याआधी म्हणाले होते, "या हंडीने मला दहा वर्षं जास्त दिली." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. पुढे याचा कोणालाच विसर पडेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

सुनबोकची मुलगी उन्सिल. तिच्या जन्मापासून गल्लीत सुनबोकला सगळे 'उन्सिलची आई' म्हणू लागले. लहानपणी खोकला झाला की उन्सिल माझ्यातलाच काढा प्यायली, नाक दाबून, आईच्या मांडीवर. मी तिला घरचीच मानत होते. इथेच माझी चूक झाली.

मोठी झाल्यावर उन्सिलला शहरातल्या मोठ्या दुकानात लिफ्टमध्ये नोकरी लागली. निळा आखूड स्कर्ट, पांढरे हातमोजे, दर मजल्यावर वाकून नमस्कार, आणि दिवसभर उभं राहणं. वर्षभरात तिचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी बूट निघता निघेनात. दुकानातल्या मुली तिला 'मुळापायी' म्हणू लागल्या. मित्रांनो, तुमच्याकडचा मुळा डोळ्यांपुढे आणू नका. आमचा मुळा मांडीएवढा जाड असतो.

एक दिवस उन्सिल रडतच घरी आली. देखरेखीच्या बाईंनी बजावलं होतं, "महिनाभरात पाय नीट दिसले नाहीत, तर खाली तळघरात लोणच्यांच्या काउंटरवर जायचं. तिथे पाय कोणी बघत नाही." लिफ्टवरची जागा तिने चाळीस मुलींमधून मिळवली होती. ती जायला नको, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिने भात सोडला आणि नुसत्या काकड्यांवर राहू लागली. वरचं अंग सुकलं, पाय होते तसेच.

सुनबोक तिला गल्लीच्या तोंडाशी मेंग वैद्यांकडे घेऊन गेली. मला पुढचं सगळं कळलं, कारण घरी आल्यावर मायलेकी त्यावरच बोलत होत्या. वैद्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि मोजून दहा आकडे थांबून उचलला. खळगा तसाच राहिला. "पोरी, हे मांस नाही, पाणी आहे," ते म्हणाले होते. "उपाशी राहून मांस झडेल, पाणी कसं झडेल? भात खा, मीठ कमी कर, संध्याकाळी पाय उशीवर ठेव. काढा देतो, पण घाई करायची नाही."

पुड्या आल्या. त्यांत पाणी उतरवणाऱ्या मुळ्या होत्या, तुतीची साल होती, संत्र्याची वाळलेली साल होती आणि ज्येष्ठमधाच्या दोनच चकत्या. सुनबोकने मला फळीवरून उतरवलं, घासलं, कागद बांधला. दहा दिवसांत फरक दिसला. संध्याकाळी बूट सहज निघू लागले. सुनबोक माझ्या दांड्यावरून हात फिरवून म्हणाली, "माझी गुणाची बाई ती." मी फुलून गेले.

पण काढा कडू होता, कडूजहर. दहा दिवस उन्सिलने तो कसाबसा गिळला. अकराव्या दिवशी आई बाजारात गेली असताना ती माझ्यापाशी आली. तिने सुतळी सोडली, कागद वर केला आणि कपाटातल्या पिशवीतून ज्येष्ठमधाच्या दोन मुठी माझ्यात टाकल्या. आमच्याकडे म्हणच आहे, औषधाच्या दुकानात ज्येष्ठमध असायचंच. जिथे तिथे नाक खुपसणाऱ्या माणसालाही आम्ही ज्येष्ठमधच म्हणतो. मग जे सगळ्याच काढ्यांत असतं, त्याने काय होणार? "थोडं गोड झालं तर कोणाचं काय बिघडतंय," ती पुटपुटली आणि सुतळी पुन्हा बांधली, अगदी आईसारखी गाठ मारून.

मी काय करणार होते? मला तोंड आहे, पण ते फक्त ओतायला. रोज आई बाजारात गेली की दोन मुठी पडत राहिल्या, आणि पिळताना चोथ्यातल्या चकत्या कोण मोजतं? काढा गोड झाला, उन्सिल तो गटागटा पिऊ लागली, आणि आई म्हणाली, "बघ, सवय झाली की नाही?"

दोन आठवड्यांत पाय पुन्हा सुजले, पहिल्यापेक्षा जास्त. तोंडही सुजलं. डोकं ठणकायला लागलं. आणि एक दिवस चौथ्या मजल्यावर नमस्काराला वाकलेली उन्सिल उठलीच नाही, तिथेच कोसळली. तिला टॅक्सीत घालून घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, सोमवारपासून तळघर.

सुनबोक पदर खोचावा तशा बाह्या सावरून वैद्यांच्या दारात गेली आणि गल्ली गोळा होईल असं बोलली. मेंग वैद्य तिच्यामागून आमच्या घरी आले. त्यांनी उन्सिलची नाडी पाहिली, तोंड पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "उन्सिलच्या आई, काढ्याचा चोथा कुठे आहे? मला तो जरा बघू दे."

चोथा कुठून असणार? आमच्याकडे चोथा चार रस्त्यांवर टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांखाली तुडवला गेला की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं म्हणे. दुखणं गेलं की नाही ठाऊक नाही, पुरावा मात्र गेला.

"उन्सिल, तू काढ्यात काही घातलंस का?" वैद्यांनी विचारलं.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "नाही. आई करते, मी पिते."

"म्हणजे माझ्या हाताचा दोष का?" सुनबोक एकदम कडाडली. मित्रांनो, तिची अडचण मी समजू शकते. अर्धं औषध हातात असतं, असं आयुष्यभर सांगितलेली बाई आता हाताला दोष कसा देणार? मग पुड्या देणारा उरला आणि मी उरले. तिने दोघांनाही धरलं. "तुमची पुडी वाईट आणि ही हंडी त्याहून वाईट. सासऱ्यांचा अकरा वर्षांचा दमा मुरलाय हिच्यात. त्यांनाही हिनेच नेलं. जे उकळावं त्याचं विष करते मेली."

खापर फोडतात ते कोणाच्या तरी डोक्यावर, हे मला माहीत होतं. पण हंडीवरच खापर फुटलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे का?

तिने मला गच्चीवर नेलं, पालथं घातलं, आणि खिळा व हातोडा घेऊन माझ्या बुडाला भोक पाडलं. तीन घाव लागले, कारण मी पक्की होते. मग माझ्यात माती भरली आणि धिरड्यांसाठी लागते ती लसणाच्या वासाची पात लावली. आमच्या गच्चीवर सोयाच्या रांजणांची रांग आहे, तिच्या टोकाला मला ठेवलं. उन्सिल जिन्यात उभी राहून सगळं बघत होती.

आता पुढचा न्याय ऐका. हंडी गेली, काढा बंद झाला, म्हणजे ज्येष्ठमधही बंद झालं. तीन आठवड्यांत उन्सिलची सूज उतरली. सुनबोकने गल्लीभर सांगितलं, "हंडी फेकली आणि पोरीचे पाय मोकळे झाले. आणि त्या मेंगच्या पुड्यांना तर हातही लावू नका." लोकांनी पायही पाहिले आणि विश्वासही ठेवला. मेंग वैद्यांच्या दारातले बूट कमी होत गेले. पूर्वी सकाळी तिथे दहाबारा जोड असत, ते दोनतीनवर आले.

वसंतात एकदा उन्सिल पात कापायला वर आली. आई रांजणांची झाकणं पुसत होती. उन्सिलने कात्री खाली ठेवली आणि ती म्हणाली, "आई, आमच्या काउंटरवर एक म्हातारे औषधवाले येतात. ते सांगत होते, ज्येष्ठमध जास्त झालं तर अंगात पाणी धरून ठेवतं."

"मग?"

"मी रोज दोन मुठी टाकत होते."

सुनबोकच्या हातातलं फडकं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, चांगलं बराच वेळ पाहिलं. माझ्या मातीत ओल होती, नाहीतर मी म्हटलं असतं की मला रडू आलं. शेवटी तिला कळलं, आता ती जाईल, वैद्यांच्या दारात उभी राहील, ज्या आवाजात दोष दिला त्याच आवाजात सांगेल, असं मी मनाशी धरून चालले.

"हे तुझ्यामाझ्यातच राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "आता कोणत्या तोंडाने सांगू? चारचौघांत बोलून बसले मी."

"पण आई, त्यांचं दुकान..."

"धिरडी पाठवू. ताट भरून पाठवू."

आणि खरंच पाठवली. माझ्या कुशीतली पात कापून, धिरडी गरम असतानाच झाकून, उन्सिलच्या हाती ताट गेलं. ताटाबरोबर माफीचा एक शब्द गेला नाही. दुसऱ्या दिवशी मेंग वैद्य ताट परत करायला आले. रिकामं ताट परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर सुकी बोरं होती. गच्चीवरून मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. पूर्वीसारखेच ते कमरेतून वाकले, जणू काही झालंच नव्हतं.

"पात फार कोवळी होती हो, उन्सिलच्या आई. कशात लावली आहे?"

उन्सिलने आईकडे पाहिलं. सुनबोकने ताट हातात घेतलं आणि बोरांकडे बघत म्हणाली, "आहे एक जुनी हंडी. भोक पडलं होतं तिला, म्हटलं टाकण्यापेक्षा पात लावू."

वैद्य हसले, मान डोलावून निघून गेले. मायलेकी आत गेल्या आणि दार लागलं.

मित्रांनो, भोक पडलं नव्हतं. पाडलं होतं. तुमच्या घराच्या गच्चीवर, माळ्यावर एखादी बिघडलेली वस्तू असेल आणि मोठी माणसं म्हणतील, ती वाईटच निघाली. भांडू नका, रडू नका. फक्त जवळ जाऊन, तिला टिपेच्या आवाजात नव्हे, हळूच विचारा की पडलं का पाडलं. आम्हाला उत्तर देता येत नाही, पण तुम्ही विचारलंत हे घरातल्या कोणाला तरी ऐकू जाईल.