ठाकुर्लीच्या जिन्यातली मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. लाकडाला कसला आलाय राग, असे तुम्ही म्हणाल. मला येतो. आजही येतो.

१९८६ साली कोपरीच्या दामाजी सुतारांनी मला सागाच्या फळ्यांतून घडवले. बाहेरून त्यांनी मला पांढरा रंग दिला, आतून मात्र कोरेच ठेवले. "रंगाचा वास माश्यांना सोसत नाही," असे नंदाताईंनी त्यांना बजावले होते. नंदाताई ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. मधमाश्या पाळायला त्या महाबळेश्वरला शिकून आल्या होत्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भिंतीच्या पोकळीत सातेरी जातीच्या मधमाश्यांनी घर केले, की लोक त्यांना बोलवत. त्या गोणपाटाचा हलका धूर देत, पोळी एकेक करून अलगद कापत आणि माझ्या चौकटींना केळीच्या सोपटाने बांधत. राणीमाशी माझ्यात आली, की बाकीच्या तिच्यामागोमाग येत. मग आम्ही त्यांना येऊरला एका बागेत नेत असू. डोंबिवलीत एका घरी तर मला हळदकुंकूसुद्धा लागले. फार सुखाची वर्षे होती ती.

मग ठाकुर्लीची ती इमारत आली. १९९२ सालची गोष्ट. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीतल्या जुन्या खोबणीत माश्यांचे घर होते. नंदाताईंनी सकाळीच काम उरकले. राणी माझ्यात आली. पण मध गोळा करायला गेलेल्या माश्या अजून बाहेरच होत्या. म्हणून ताईंनी मला त्याच खोबणीखाली ठेवले, माझे दार उघडे सोडले आणि तळमजल्यावरच्या हौसाबाई कोळिणीला म्हणाल्या, "मावशी, माझी दुपारची शाळा आहे. अंधार पडायच्या आत येते. तोवर सगळ्या घरी येतील. कुणाला हात लावू देऊ नका."

हौसाबाई माझ्याशेजारी पायरीवर ठाण मांडून बसली. माश्या पायांवर पिवळे पराग घेऊन येत होत्या आणि मुकाट्याने आत शिरत होत्या.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव कामावरून लवकर आले. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी घरातून ढेकणांच्या औषधाचा पंप आणला.

"अरं, ती बाय सांगून गेलीय ना!" हौसाबाई ओरडली. "सांजपर्यंत थांब. चावली काय कोनाला एकतरी?"

"मावशी, बाजूला व्हा. पाहुण्यांना काय माश्या दाखवू?"

त्यांनी तिला ढकलले. पंपाचे तोंड माझ्या दारात घातले आणि दांडा मारत राहिले. मित्रांनो, मला हात नाहीत. माझे दार मला लावता येत नाही. आतली गुणगुण आधी वाढली, मग तुटक झाली, मग थांबली.

नंदाताई आल्या आणि त्यांनी माझे झाकण उचलले. मी काठोकाठ भरलेली होते. आवाज मात्र नव्हता. ताईंनी एक चौकट बाहेर काढली आणि तशीच हातात धरून आनंदरावांचे दार वाजवले. आत पाहुणे बसलेले होते.

"सकाळपासून यांनी या जिन्यात एकालाही डंख मारला नाही," ताई म्हणाल्या. "सगळ्यांदेखत सांगा, का मारल्यात?"

"अहो, माश्याच तर होत्या!"

ताईंनी चौकट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली. पाहुण्यांपैकी कुणीही चहाच्या कपाला हात लावला नाही.

औषध माझ्या लाकडात मुरले होते. माझ्यात आता एकही माशी जगणार नव्हती. ताई मला जाळायला निघाल्या, तेव्हा हौसाबाईने मला धरून ठेवले. "जालू नको गो बाय. हितंच ठेव. जाता-येता दिसूंदे त्याला."

तेव्हापासून मी या जिन्यात आहे. मला हलवा म्हणून आनंदरावांनी दोनदा मीटिंग घेतली. दोन्ही वेळा हौसाबाई माझ्यापुढे आडवी उभी राहिली आणि सगळे परत गेले. आनंदराव आता भिंतीकडे तोंड करून जिना चढतात. क्षमा त्यांनी मागितली नाही, आणि मीही केलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या भिंतीत कधी गुणगुण ऐकू आली, तर औषध आणू नका, पलिता पेटवू नका. लांब उभे राहा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तो त्यांना जिवंत घेऊन जाईल. आणि कुणी पंप घेऊन निघालाच, तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझे झाकण उघडून त्याने आत एकदा नाक घालावे. वास अजून गेलेला नाही.