टोपीतला बाण

वहिनी शिंकली आणि धागा तुटला.

धागा तो केवढा! डासाची मिशी त्याच्याशेजारी दोरखंड वाटावी. त्याला टांगला होता तांदळाएवढा आरसा, आरशावर दिव्याचा झोत, आणि समोरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका. तारेतून विजेची नुसती कुजबुज गेली तरी आरसा मान वळवायचा आणि ठिपका धूम पळायचा. समुद्राच्या तळाशी तार टाकणाऱ्या जहाजासाठी नणंदेनं स्वतःच्या हातांनी घडवलेलं यंत्र ते. त्याच्याबरोबर आपणही जहाजावर जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण जहाजाचा इंजिनियर म्हणाला होता, "यंत्र नेऊ. बाई कशाला?" आणि तो आता, एवढ्यात, यंत्र न्यायला येणार होता!

"वन्सं, माझं नाक कापा!"

"नाक राहू दे, वहिनी. धनुष्य आण!"

हो, धनुष्यच! गारगोटी ज्योतीत मधासारखी वितळवायची, बाणाच्या शेपटाला चिकटवायची आणि बाण सोडायचा. बाण पुढे, आणि वितळलेल्या गारगोटीचा ताणत गेलेला धागा मागे. पहिला धागा कुठे पडला ते कोणाला दिसलंच नाही. दुसरा वहिनीच्या अंबाड्यात अडकला. तिसऱ्याला नणंदेनं कानापर्यंत दोरी ओढली, सोडली, आणि नेमकं घरातल्या लांब बोळाच्या टोकाचं दार उघडलं.

खट्!

"हलू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

"अहो बाई, माझ्या टोपीत बाण आहे!" इंजिनियर म्हणाला.

"टोपीचं काय घेऊन बसलात! त्याच्यामागे माझा धागा आहे!"

"मला तर काहीच दिसत नाही."

"दिसला तर तो धागा कसला?"

वहिनीनं धाग्याखाली काळी शाल धरली, तेव्हा कुठे बारीक चमक दिसली. इंजिनियर खांबासारखा उभा. त्याच्या नाकावर माशी बसली, तर तिनंही श्वास रोखला. नणंदेनं त्यातला चांगला तुकडा कापला, लाखेनं आरसा टांगला आणि ती इंजिनियरला म्हणाली, "आता जीभ काढा."

जिभेवर एका बाजूला तांब्याची पट्टी, दुसऱ्या बाजूला जस्ताची; थुंकीतून इवलीशी वीज. तारा जोडल्या मात्र, ठिपका उडाला! समोरची पट्टी सोडून भिंत चढला, छतावरून खिडकीबाहेर पडला आणि थेट धक्क्यावरच्या जहाजाच्या शिडावर जाऊन नाचायला लागला. खलाशांना वाटलं, निघायची खूण झाली. त्यांनी नांगर उचलला!

"अरे, माझं जहाज!" इंजिनियर यंत्राची पेटी घेऊन पळाला. मागे धनुष्य खांद्यावर टाकून नणंद, तिच्यामागे गारगोट्यांची पिशवी घेऊन वहिनी.

जहाजाच्या फळीवर पाय ठेवता ठेवता तो थबकला. "वाटेत धागा तुटला तर?"

"तर पुन्हा कोणीतरी बाण मारायला हवा," नणंद धापा टाकत म्हणाली. "मला मारता येतो. खलाशांना येतो का? टोपी तुमचीच असणार बरं का!"

त्यानं टोपीतला बाण चाचपला. "चढा बाई. लवकर चढा!"

तिनं उडीच मारली. जहाज हललं. वहिनीनं गारगोट्यांची पिशवी नेम धरून वर फेकली आणि धक्क्यावरून हात हलवत ओरडली, "वन्सं! तिथे कोणाला शिंकू देऊ नका हो!"