चाळीस वजा

सासरेबुवांनी उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला. त्यामुळे घरात आलेलं कुठलंही यंत्र खोटंच बोलणार, असा त्यांचा पक्का समज. सुनेला आठवा महिना लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजायचं यंत्र घरी दिलं. तिच्या आईला बाळंतपणात दाब चढून झटके आले होते. म्हणून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा आणि वरचा आकडा एकशेचाळीसच्या पुढे गेला की तडक यायचं, असं बजावलं. वहीचं काम सासऱ्यांनी हौसेनं अंगावर घेतलं.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी यंत्रानं एकशेबावन्न दाखवले. म्हातारबुवा गालातल्या गालात हसले. काटा बिघडलाय का, हे खात्रीचं वजन ठेवून बघतात. आता घरात खात्रीचा ठणठणीत माणूस कोण? स्वतःच की! जन्मात गोळी नाही, डॉक्टर नाही. त्यांनी पट्टा आपल्या दंडाला गुंडाळला. एकशेसाठ! ठणठणीत माणसाचा एकशेवीस, म्हणजे यंत्र चाळीस जास्त दाखवतंय, झालं. त्या दिवसापासून ते प्रत्येक आकड्यातून चाळीस वजा करून सुवाच्य अक्षरात लिहू लागले.

पोरीनं काय करावं? डोकं ठणकत होतं, पण वहीत सगळं झकास होतं. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा मात्र तिनं वही गुंडाळून ठेवली आणि सासऱ्यांना घेऊन सरळ दवाखाना गाठला.

नर्सनं मोजलं, एकशेअठ्ठावन्न. हेही यंत्र जास्तच दाखवतंय, असं म्हणत म्हातारबुवांनी आपली युक्ती ऐटीत समजावून सांगितली. नर्सनं डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं आणि म्हातारबुवांनाच खुर्चीत बसवून दोन निरनिराळ्या यंत्रांनी त्यांचा दाब मोजला.

"काका, यंत्रं बरोबर आहेत. दाब तुम्हालाही आहे," नर्स म्हणाली.

म्हातारबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझं वजनच खोटं होतं," ते सुनेला म्हणाले. "पोरी, चार दिवस मी तुला मरणाच्या दारात बसवलं गं."

तिनं त्यांचा हात धरला. तिलाही रडू येत होतं.

तिला लगेच दाखल करून घेतलं, औषधं सुरू झाली. तीन आठवडे डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज खणखणीत. नर्सनं तिला काट्यावर ठेवलं आणि काकांना विचारलं, काटा तपासायचाय का?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. वही उघडली आणि नातीचा आकडा दिसला तसाच लिहिला. त्याच्याखाली सकाळचा, स्वतःच्या रक्तदाबाचा.